पाहुण्यांच्या बाजूला

त्या रविवारी दुपारी दक्षिण कोरियातल्या मासानच्या बेसबॉल स्टेडियममध्ये इन्सुकचे वडील पाहुण्या टीमच्या बाजूला बसले होते. अंगात स्टॅलियन्सचा हिरवा शर्ट. मैदानापलीकडे निळ्या शर्टांची गर्दी होती. अख्खी हयात ते त्या गर्दीत, गावच्या व्हेल्स टीमच्या ढोलाशेजारी उभं राहून ओरडले होते.

खेळ जरा थांबला तसे ढोलवाले ब्योन मुद्दाम वळसा घालून आले आणि कठड्यापाशी उभे राहिले.

"काय दादा, टीम बदलली. आता वहिनींनाही बदलणार का?"

"विचारलं तिला," वडील म्हणाले. "म्हणाली, माझी हरकत नाही, पण तुम्हाला घेणार कोण?"

आजूबाजूचे हिरवे शर्ट हसले. ब्योन हसले नाहीत.

"आपल्याच गावात, आपल्याच टीमविरुद्ध. लाज नाही वाटत?"

"गुडघे झिजेपर्यंत ज्याने तुमच्यासाठी बॉल झेलले, त्याला क्लबने एका मेसेजवर घालवून दिलं." वडिलांनी मैदानात बोट दाखवलं. हिरव्या कपड्यांतला म्हातारा होत चाललेला कॅचर पॅड बांधत होता. "लाज मला तिकडे बसून वाटत होती. म्हणून उठलो."

"गद्दार," ब्योन म्हणाले आणि गेले.

शेजारी बसलेली इन्सुक खाली बघत होती. वसंतात ती नवऱ्याला सोडून दोन बॅगा घेऊन माहेरी आली होती. आईने गल्लीत सांगितलं, जावई कारखान्याच्या कामाला व्हिएतनामला गेलेत. इन्सुकने ते तसंच चालू दिलं होतं. वडिलांनी एक शब्द विचारला नव्हता. फक्त तेव्हापासून ते मॅचची दोन तिकिटं काढत.

त्यांनी सुकवलेल्या माकुळाचा एक लांब तुकडा फाडून तिच्या हातात दिला.

"मान वर ठेव. इथे बॉल कुठून येईल सांगता येत नाही."

स्टॅलियन्स हरले. घरी जाताना वडील बसमध्ये अंपायरला शिव्या देत होते. सकाळी ते नेहमीसारखे टेकडीवरच्या झऱ्याचं पाणी आणायला गेले. येताना कॅन शेजारी ठेवून पायरीवर बसले, ते उठले नाहीत.

हॉस्पिटलच्या तळघरातल्या शोकगृहात पांढऱ्या शेवंतीमध्ये त्यांचा फोटो ठेवला होता. दाराजवळच्या स्क्रीनवर घरच्यांची नावं सरकत होती. पत्नी. मुलगी. जावई. ते शेवटचं नाव धाकट्या काकांनी लिहून दिलं होतं.

"काढायला सांग ना," इन्सुक आईला म्हणाली.

"बाबांना नीट पोचवू दे गं. मग काय ते बघू," आई म्हणाली.

लोक येत होते, फोटोपुढे दोनदा वाकत होते, मग आत बसून तिखट लाल रस्सा आणि भात खात होते. ब्योन आले तेव्हा आतली बडबड थांबली. त्यांचे डोळे सुजले होते. त्यांनी नमस्कार केले आणि काखेतली पिशवी उघडली. आत व्हेल्सचा नवा निळा शर्ट होता, पाठीवर वडिलांचं नाव.

"शवपेटीत त्यांच्या अंगावर ठेवा," ते काकांना म्हणाले. "आमच्या सगळ्यांकडून. ते हिरवं प्रकरण म्हणजे म्हातारपणाचा हट्ट. आम्ही ते विसरलो. कुणी कधी त्याचं नाव काढणार नाही."

काकांनी शर्ट दोन्ही हातांनी घेतला. त्यांना भरून आलं होतं. "फार मोठं मन तुमचं."

"काका, तो परत द्या," इन्सुक म्हणाली.

"इन्सुक!"

"ब्योन काका, शर्टाबद्दल तुमचे आभार. पण बाबांना चळ लागला नव्हता. डोकं ठिकाणावर असताना ते तुम्हाला सोडून गेले. त्यांच्या अंगावर हिरवाच शर्ट जाईल. मी सकाळीच इस्त्री करून आणलाय."

"अगं पोरी, मग आम्ही इतकी वर्षं एकत्र घसे फोडले, ते काय पुसून टाकायचं?"

"काही पुसू नका. ती वर्षं तुमची. शेवटचं एक त्यांचं."

ब्योननी काकांच्या हातातून शर्ट घेतला, पिशवीत भरला आणि निघून न जाता एका टेबलापाशी जाऊन बसले. कुणीतरी त्यांच्यापुढे सोजू दारूचा पेला ठेवला.

"लोकांसमोर शोभतं का हे?" काका तिच्या कानाशी पुटपुटले.

तेवढ्यात शोकगृहाचा माणूस आला. पेटी निघायची वेळ झाली होती. "पुढे फोटो घेऊन कोण चालणार? मुलगा नाही म्हणजे जावईच ना?"

"जावयांचं विमान चुकलं," काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "व्हिएतनामहून यायचं म्हणजे... माझा मुलगा धरेल फोटो."

टेबलांवरून सहानुभूतीचे उसासे आले. आई जमिनीकडे बघत होती.

इन्सुक उठली. फुलांमध्ये हात घालून तिने फोटो उचलला. वाटला होता त्यापेक्षा तो जड होता. तो छातीशी धरून ती लोकांकडे वळली.

"विमानबिमान काही चुकलेलं नाही," ती म्हणाली. शेवटच्या टेबलापर्यंत आवाज पोचला. "नवऱ्याला मी सोडलंय. वसंतातच. माझं डोकंही ठिकाणावर होतं. चला, बाबांना मी नेते."