श्रीखंडाचा पत्ता

पाडव्याच्या दुपारी बिल्डिंगमधल्या एकाही फ्रिजने एकाही नवऱ्याला श्रीखंड दिलं नाही. दार घट्ट मिटून सगळे फ्रिज एकाच आवाजात म्हणाले, "अहो, आधी शुगर बघा!"

आवाज तळमजल्यावरच्या सुमनताई दाबक्यांचा होता. पुरुषमंडळी रिकाम्या वाट्या घेऊन त्यांच्या दारात जमली.

"मी देवळातून फक्त आमच्या फ्रिजला निरोप पाठवला होता," असं म्हणत सुमनताईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

दाबके ओशाळले. घराघरांतल्या प्रत्येक यंत्राला इंटरनेटवर स्वतःचा नवा पत्ता मिळाला होता. जुना पत्ता मात्र अख्ख्या बिल्डिंगला मिळून एकच होता. निरोप आधी कुठल्या पत्त्यावर पाठवायचा, असं सुमनताईंच्या फोनने मागे एकदा घरीच विचारलं, तेव्हा 'जुनं ते सोनं' म्हणत दाबक्यांनीच जुन्यावर बोट ठेवलं होतं.

"आत्ता बदलतो," म्हणत त्यांनी तो फोन हातात घेतला.

तेवढ्यात वरच्या चारही मजल्यांवरच्या बायका जिना उतरून आल्या.

"भाऊजी, हात लावू नका त्याला," त्या म्हणाल्या. "पुढे आंब्यांचे दिवस आहेत."