पडवीतलं तरट

"उचल ते तरट आणि चुलीपाशी ये," सासूबाई मागच्या दारातून म्हणाल्या. "सहा महिने झाले तुझं बंद होऊन. आता कसलं बाहेर बसणं?" पूर्वी दर महिन्याला चार दिवस पडवीतलं हे तरट माझं असायचं, तेवढे दिवस मला कुणी शिवत नसे, की काम सांगत नसे. विटाळ थांबला आणि तीसही दिवस सोवळ्याचा स्वयंपाक माझ्या गळ्यात पडला. त्यात रात्ररात्र अंगाची आग होई, डोळ्याला डोळा लागत नसे. आज मामंजींचं श्राद्ध. वड्यांचं पीठ मळताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तशी मी उठून इथे येऊन बसले होते. "नुसतं ढोंग," सासूबाई करवादल्या. "ठाण्याच्या आगगाडीनं ब्राह्मण येतील आता, त्यांना काय वाढू?" तेवढ्यात हे तळ्यावरून अंघोळ करून ओलेत्यानं आले. माझ्याकडे पाहून म्हणाले, "आई, ती विटाळशी आहे." "बायकोपायी बापाच्या श्राद्धाला खोटं बोलतोस? लाज नाही वाटत?" इतक्या वर्षांत आईसमोर हे कधी माझ्याजवळ उभेही राहिले नव्हते. ते सरळ पडवीत आले, माझ्या शेजारी तरटावर बसले आणि माझा हात धरला. "आता मलाही विटाळ झाला," ते आईला म्हणाले. "ब्राह्मणांना सांग, श्राद्ध पाचव्या दिवशी. आणि तोवर आम्हां दोघांना पाणी तूच दे, लांबून."