मशीनवर माणूस एकच

"खाली उतरा," माणिक म्हणाला. "तुम्ही वर असले तर मशीन हलत नाई."

सभापती गुलाबराव बुलडोझरच्या पात्यात उभे होते. गळ्यात झेंडूचा हार, पायात कोऱ्या करकरीत चपला, बाजूला बीबी गावाहून आणलेली वाजंत्री. गावतळ्याच्या कामाला सरकारने हे लहानसं मशीन धाडलं होतं आणि त्यावरून गावभर मिरवायचं गुलाबरावांनी ठरवलं होतं. लग्नात त्यांना घोडा मिळाला नव्हता. ती रुखरुख होतीच.

"हलत नाई, का तू हलवत नाईस बे, माणक्या?"

"दोन्ही. पातं मातीसाठी आहे. मशीनवर माणूस एकच, चालवणारा."

मागच्या कामावर असाच एक हौशी पात्यात उभा राहिला होता. घसरला. त्याची एक चप्पल तेवढी धड सापडली. तेव्हापासून या बाबतीत माणिक कोणाच्या बापाचं ऐकत नसे.

"तुही नोकरी गेली समज!"

"गेली तर गेली. आज मीच डायवर आहो ना?"

माणिकने पातं जमिनीला टेकवलं, इंजीन बंद केलं, चालू करायचं हँडल काखेत मारलं आणि बाभळीखाली जाऊन बिडी पेटवली.

गुलाबराव उतरेनात. वाजंत्री थांबेना. शेवटी कोण्या शहाण्याने तोड काढली. मशीन गावात फिरत नसेल तर गावाने मशीनभोवती फिरावं, मिरवणूक झाल्याशी मतलब. ताशा कडाडला आणि अख्खं गाव बुलडोझरभोवती गोल फिरू लागलं. फिरता फिरता सवयीने एकाचे हात जोडले गेले. मग सगळ्यांचेच. कोणी मशीनच्या लोखंडी पट्ट्याला कुंकू लावलं. कोणी नारळ फोडला.

"गुलाब!" गुलाबरावांच्या आई, सुभद्राबाई, कडाडल्या. "देवावर चपला घालून उभा राह्यतं काय रे? उतर!"

"आई, हे मशीन आहे."

"मंग सारं गाव का मशीनले परदक्षिणा घालून राह्यलं?"

गुलाबराव उतरले.

"आता वर फक्त पुजाऱ्यानं चढायचं," सुभद्राबाईंनी जाहीर केलं.

पुजारी कोण? साऱ्या माना बाभळीकडे वळल्या.

माणिकच्या बापाला याच गावाने देवळाच्या पायरीला पाय लावू दिला नव्हता. आणि माणिक छप्पन साली नागपूरला जाऊन सगळे देव सोडून आला होता. त्याने बिडी विझवली. पट्ट्यावरचं कुंकू तेलकट फडक्याने पुसलं आणि तो वर चढला.

"हा देव नाई, अन् मी पुजारी नाई. इंजीन चालू करून राह्यलो. लांब सरका!"

कोप झाला असं समजून गर्दी भराभर मागे हटली. सगळ्यांत पुढे गुलाबराव. दोन्ही चपला हातात होत्या. दोन्ही धड.

"सरकलो," ते म्हणाले, "सरकलो, माणिकराव."