घोट्यावरची माशी

बाबांना सांभाळायला ठेवलेल्या मावशींनी पिशवी भरायला घेतली, तरी मुलाच्या मनातला संशय फिटेना. अर्धं अंग लुळं पडलेले बाबा खाटेवरून दोघांकडे आळीपाळीने बघत होते. बोलायला गेले तर नुसती घरघर यायची.

"माझ्या डोळ्यांनी बघितलं मी," तो म्हणाला. "दारातच उभा होतो. तुम्ही बाबांच्या पायावर फाडकन मारलंत."

"माशी होती, दादा. चावत होती."

"मावशी, माशांचं मला शिकवू नका." गुरांची औषधं विकण्यात त्याचे केस पिकले होते. "घरातली माशी चावते कधी? आणि घोट्यावरचे हे लाल ठिपके? नखं लावता तुम्ही, दुसरं काय."

बोलताना त्याचं त्यालाच वाईट वाटलं. पण बाई गोड बोलून केसाने गळा कापणारी निघाली, हे त्याने मनाशी पक्कं करून टाकलं होतं. जाता जाता त्या बाबांचं पांघरूण सारखं करायला वाकल्या, तर तिथंही तो डोळ्यांत तेल घालून बघत राहिला.

तेवढ्यात त्याच्याच घोट्यात सुई खुपसावी तशी कळ गेली. त्याने फटका मारला. तळव्याला रक्त लागलं आणि त्यात चेपलेली माशी. दिसायला घरातल्यासारखीच, पण तोंडापुढे काळी, ताठ सोंड. गोठ्यातली चावरी माशी. ओल्या, कुजक्या गवतात अंडी घालते आणि जनावरांच्या पायांना डसते, हे सांगत सांगतच तर तो औषध खपवायचा. पण इथं आसपास गोठा कुठला? मग त्याला खिडकीखालचा ढीग आठवला. अंगणातलं गवत कापून त्यानेच तिथं टाकलं होतं, आणि शेजारचा नळ सारखा गळायचा. त्याचं तोंड एवढंसं झालं.

"राहू दे ती पिशवी, मावशी," तो म्हणाला. "चुकलं माझं."

मावशी काही बोलायच्या आत दुसरी माशी बाबांच्या पायावर येऊन बसली. मावशी हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. त्याने हात उगारला, पण बापाच्या पायावर मारवेना. वारा घातल्यासारखा नुसताच फिरवला. माशी उडाली आणि परत तिथंच बसली. बाबांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

"हळू मारलं तर मरत नाही ती, दादा," मावशी म्हणाल्या.