तीन ओळखपत्रं

मुलुंडच्या दोन शाळा एक झाल्या आणि दोन्हींच्या नोंदी जुळवून ओळखपत्रं छापायचं काम क्षमाकडे आलं. मुलाचं आणि वडिलांचं नाव ताडून पाहणारी तिची संगणकावरची क्वेरी झटक्यात चालली, पण तीन मुलं गळाली. त्यांच्या वडिलांचा रकाना रिकामा होता. “तिघांचीच ना, मी लिहिते हाताने,” कारकून सावंतबाई मायेने म्हणाल्या. “नको बाई,” क्षमा म्हणाली. “चौथीत माझं एकटीचं कार्ड असंच हाताने लिहिलेलं होतं. वर्षभर उलटं घालून फिरले.” तिने क्वेरी खोडून नव्याने लिहिली. आता वडिलांऐवजी आईचं नाव ताडायचं आणि सगळ्यांच्या कार्डांवर तेच छापायचं. ती नावं दोन्ही शाळांच्या नोंदींत वेगवेगळ्या कोपऱ्यांत पडलेली. बाईंचा चहा संपला तरी उत्तर येईना. अखेर प्रिंटर घरघरला. बाईंनी गरम गठ्ठा दोनदा चाळला. “ती तीन कुठली गं?” “आता मलाही नाही सांगता येणार.”