बाण हलेना

कॉम्प्युटरचा पडदा उजळला. नवं निळं चित्र आलं, अक्षरं आधीपेक्षा देखणी झाली, आणि बाण मधोमध उभा राहिला तो राहिलाच.

नेरेइदाने मान डावीकडे नेली. मान तिची दोन बोटांपुरतीच हलायची. हात, पाय, जीभ आजाराने केव्हाच नेले होते. पण पडद्यावरचा कॅमेरा तिच्या नाकावर नजर ठेवायचा. नाक हलेल तसा बाण फिरायचा, बाण अक्षरावर टेकायचा, आणि शेजारच्या बोलत्या पेटीतून आवाज यायचा. त्या आवाजात ती घरातल्या प्रत्येकाची रोज खरडपट्टी काढायची.

तिने मान उजवीकडे नेली. बाण हलला नाही.

"थांब मावशी, घाई नको," भाचा एलिएसेर म्हणाला. सकाळपासून तो तिच्या कॉम्प्युटरची लिनक्स प्रणाली अपग्रेड करत बसला होता. चालतंय त्याला हात लावू नकोस, असं तिने पेटीतून दोनदा बजावलं होतं. पण अख्ख्या ओल्गीन शहरात कॉम्प्युटरचं आपल्यासारखं कुणाला येत नाही, असं ज्याला वाटतं तो कुणाचं ऐकतो?

मुलगी कात्युस्का कॉफीचं भांडं घेऊन दारात उभी होती. "काय करून ठेवलंस रे?"

"पडद्यावर चित्र उमटवणारी व्यवस्थाच बदलली. जुनीत कुठलाही प्रोग्राम बाणाला ढकलू शकायचा. ही नवी ढकलू देत नाही. सुरक्षिततेसाठी."

"कुणापासून सुरक्षितता? आईपासून?"

तो कीबोर्डकडे वळला. लॉगिनच्या पानावर जुनी व्यवस्था निवडता येते म्हणाला, आणि तिथे गेला. यादीत एकच नाव होतं, नव्याचं. अपग्रेडने जुनीला घराबाहेर काढलं होतं.

"डिस्कवर असेल." इथल्या महागड्या, रखडत्या इंटरनेटवरून हे सगळं कोण उतरवतो? विद्यापीठातला एक माणूस लिनक्सच्या प्रोग्रामांचं अख्खं भांडार डिस्कवर आणतो, आणि लोक ते घरोघरी नकलून घेतात. एलिएसेरने आपली काळी डिस्क लावली, शोधलं, परत शोधलं. त्याचे कान लाल झाले.

"तो भाग मी काढून टाकलाय. मे महिन्यात. तुझ्या तुर्की मालिकेला जागा होत नव्हती."

"म्हणजे आता खापर माझ्या डोक्यावर?"

"एकशे वीस भाग होते, कात्या."

"मग मोबाइलवरून घे."

"पावणेबारा वाजलेत. बाराला रोजच्यासारखी आपल्या भागाची वीज जाणार, तिच्यामागे मोबाइलचा टॉवरही; एवढं मोठं या नेटवर कधी पुरं उतरतच नाही. आणि तो माणूस गावाला गेलाय, पंधरा दिवसांनी येईल." त्याने कपाळ पुसलं. "जुनी लिनक्स अख्खी परत टाकली असती तरी चाललं असतं. पण ती ज्या करड्या डिस्कवर होती ती मेली. मीच फेकली गेल्या वर्षी."

पंधरा दिवस. 

आणि ती डिस्क मेली नव्हती. मेली होती तिची तार. नेरेइदाच्या घरातून कुठली वस्तू फेकली जात नाही. तिला आंघोळ घालायला येणाऱ्या ओबदुलियाकडून तिने ती कचऱ्यातून काढून घेतली होती. ओबदुलियाने दुसरी तार लावून दोन सिनेमेसुद्धा पाहिले, मग उशीच्या अभ्र्यात गुंडाळून समोरच्या कपाटात ठेवली. ओबदुलिया आता स्पेनमध्ये होती. डिस्क कपाटातच होती, पाच पावलांवर.

तिने मान कपाटाकडे नेली. दोन बोटं. परत. परत.

"तिची मान बघ कशी थरथरतेय," एलिएसेर म्हणाला.

"घाबरलीय ती."

"तिला कळतंय का आपलं बोलणं?"

सकाळी याच माणसाला तिने गाढव म्हटलं होतं आणि तो हसला होता.

कात्युस्का खुर्चीसमोर वाकली आणि बहिऱ्याशी बोलावं तशी एकेक शब्द तोडून मोठ्याने बोलू लागली. "आई, दुखतंय का? दुखत असेल तर डोळे मीट."

नेरेइदाने डोळे सताड उघडे ठेवले. कपाटावर.

"भूक लागली?"

उघडे.

"लघवीला जायचंय?"

उघडे. काही सांगायचंय का, एवढं विचार पोरी. एवढंच विचार.

पंखा मंदावला आणि थांबला. पडदा काळा झाला. गल्लीतून शिव्या ऐकू आल्या, मग खिडक्या उघडल्याचे आवाज. खोलीत वारा नव्हता. नेरेइदाच्या कपाळावरून घाम भुवईत उतरला, भुवईतून डोळ्याकडे. तिने डोळा मिटू दिला नाही. मान हलवत राहिली, दोन बोटं कपाटाकडे, दोन बोटं परत.

"अजून थरथरतेय," कात्युस्काचा आवाज चिरकला. "ताप भरलाय की काय? आई, थंडी वाजतेय का?"

घाम डोळ्यात गेला. पापणी आपोआप पडली.

"हो म्हणाली! एलिएसेर, बघितलंस? हो म्हणाली!"

कात्युस्काने धावत जाऊन कपाट उघडलं. लोकरीची शाल ओढताना अभ्र्यातलं गाठोडं तिच्यासोबत कडेपर्यंत आलं. तिने ते कोपराने आत ढकललं आणि दार लावलं.

जुलैच्या त्या उकाड्यात तिने शाल आईच्या हनुवटीपर्यंत लपेटली, दोन्ही बाजूंनी घट्ट खोचली, आणि तिच्या गालावर हात ठेवून म्हणाली, "बघ, पेटी नसली म्हणून काय झालं? मला कळतं तुझं सगळं."