पाखरांसाठी बंगले

तिच्या नवऱ्याने कचरा पाळला होता. लोक कुत्रं पाळतात, मांजर पाळतात, फार तर पोपट. या माणसाने परसात वाळलेली झुडपं, कुजकी पानं आणि परातभर पाणी पाळलं होतं. काडीला हात लावायची सोय नाही. "त्या बिया पाखरांच्या आहेत," म्हणे. पाखरांच्या! तीन महिन्यांत एक कावळा आला, तोसुद्धा साबणाची वडी पळवायला.

गल्ली तिला फौजदारीण म्हणायची. अर्थात तिच्या माघारी. तिच्या घरात जळमट दिसलं असतं तर ती गल्लीभर बातमी झाली असती. आणि तिच्याच मागच्या दारी हे रान माजलेलं.

नवरा सुतार. चाळीस वर्षं लोकांची कपाटं केली. मग हात थरथरायला लागले. दुकान बंद केलं आणि वर्षभर भिंतीकडे तोंड करून बसला. ताट पुढे आलं तर जेवला, नाही आलं तर विचारलं नाही. मग एक दिवस कुठून तरी डोक्यात शिरलं, की परसात रंगीत, गाणारी पाखरं आणायची. रंधा बाहेर निघाला. सात पेट्या झाल्या. पेट्या कसल्या, बंगले! उतरतं छप्पर, गोल दार, दाराला उंबरा, वर पॉलिशचे दोन हात. एकेका पेटीला आठवडा लागला, पण माणूस सकाळी उठून दाढी करायला लागला. हे तिने पाहिलं होतं. बोलली नव्हती.

बोलली ती वेगळंच. "सात बंगले नि एक भाडेकरू नाही. जाहिरात द्या आता."

शेवटी तिने मुदत घातली. "महिनाअखेरपर्यंत एका तरी पाखराने इथे घर केलं पाहिजे. नाही केलं, तर सगळं उपटून फरशी टाकणार."

"कबूल," सुतार म्हणाला.

आज महिनाअखेर. फरशीवाला मापं घ्यायला यायचा होता. सुतार स्टुलावर चढून पेट्या स्वतःच उतरवत होता. पेचकस खाचेत बसत नव्हता. तीन पेट्या त्याने खाली ओळीने ठेवल्या होत्या, दारं भिंतीकडे करून. ती खराटा घेऊन त्याच्या शेजारून गेली. जिंकली होती. तरी त्या तीन पेट्यांना वळसा घालून गेली.

न्हाणीघरामागे कपड्यांची दोरी होती. तीन आठवड्यांपूर्वी गुडघा सुजल्यापासून ती तिकडे फिरकली नव्हती. कपडे पुढच्या गॅलरीत वाळत होते. ती कोपऱ्यावर वळली आणि जागीच थिजली. दोरीवर तिचं फरशी पुसायचं फडकं लटकत होतं. वाळून कडक झालेलं. तीन आठवडे! तिने आधी मागे बघितलं, कुणी पाहत तर नाही ना. शिवाय फडक्याच्या खालच्या टोकाला मुठीएवढा कचरा चिकटला होता. कोळिष्टकं, सुकी पानं, कागदाचे कपटे, रंध्याखालून निघालेली लाकडाची पातळ सालपटं. तिने खराटा उगारला.

कचऱ्याला भोक होतं. भोकातून चोच बाहेर आली, सुईसारखी, जरा बाकदार. मागे एक डोळा. तो बाईचा डोळा होता. हात तर लावून बघ, म्हणणारा. तेवढ्यात दोरीवर अंगठ्याएवढा एक नर येऊन बसला. निळाजांभळा, उन्हात रेशमासारखा. शिंजीर! तो फौजदारिणीवर असा खेकसला, की लग्न झाल्यापासून तिच्यावर तसं कुणी खेकसलं नव्हतं. खेकसून झाल्यावर त्याने मान वर केली आणि गाणं म्हटलं.

खराट्याचा एक फटका पुरला असता. फडक्याची लाज झाकली असती, फरशीही आली असती. कुणाला पत्ता लागला नसता.

"बाई, आत येऊ का?" फरशीवाल्याने फाटकातून हाक मारली. इकडे सुताराच्या हातून स्क्रू निसटला. तो स्टुलावरून उतरून पानांत चाचपडायला लागला.

तिने खराटा हळूच भिंतीला टेकवला आणि फाटक गाठलं.

"येऊ नका. तुमची फरशी घसरडी असते."

"अहो, तुम्ही बघितली तरी कुठे?"

"न बघताच घसरले. या आता."

ती परत आली. सुतार गुडघ्यांवरच होता. "अगं, तो गेला का? मुदत तर संपली."

तिने तोंडावर बोट ठेवलं, त्याची बाही धरली आणि त्याला न्हाणीघरामागे नेलं. सुताराने डोळे बारीक केले. चोच पाहिली. निळाजांभळा नर पाहिला. मग फडक्याकडे बोट केलं. तोंडातून शब्द आला तो नेमका नको तो.

"अगं, पण हे तर तुझं फरशी पुसायचं..."

"मुद्दाम ठेवलं होतं," ती म्हणाली.

त्याच्या रंध्याच्या सालपटांचा विषय तिने काढला नाही. त्याची नजर अधू होती, त्याला ती दिसली नव्हती. दिसली असती तर म्हातारा शेफारला असता.

"बघत काय उभे राहिलात?" ती त्याच्यावर हळू आवाजात खेकसली. "पेट्या परत चढवा. आणि आधी ते पॉलिश खरवडून काढा. बाळंतिणीला कधी सोसतो का तो वास? तीन लेकरं वाढवलेली बाई घरात असताना तीन महिने नुसते अंदाज बांधत बसलात. पाखरं आणायची होती, तर आधी मला विचारायचं होतंत!"